डावं चॅनल

नवा ॲम्प्लिफायर साडेअकरा हजारांना,
रिमोटसकट, निळे दिवे लुकलुकणारा.
माझ्याकडे अठराशे होते,
तेही भिशीचे, आणि त्यातले नऊशे गॅसचे.

विट्यात एकानं झाकण न उघडताच सांगितलं,
आयसी गेली. चौदाशे.
त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा नव्हता.
पतसंस्थेत बारा वर्षं काढलीयत मी,
न बघता सांगितलेला आकडा मला ओळखू येतो.

म्हणून रविवारी सांगलीची एसटी.
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला नऊ किलोंचा ठोकळा.
कंडक्टर म्हणाला, ह्याचं लगेज पडंल.
बाईला अर्धं तिकीट,
बाईच्या मांडीवरच्याला पूर्ण.
तासगाव येईपर्यंत दोन्ही पायांना मुंग्या.

मारुती चौकाजवळच्या बोळात जिनपाल मगदुमांचं दुकान.
दुकान कसलं, जिन्याखालची जागा.
भिंतीवर छातीएवढ्या उंचीला ऑइलपेंटची रेघ,
पुराचं पाणी इथवर.
रेघेच्या वर सगळी मशिनं,
खाली फक्त स्टूल आणि ते स्वतः.

"काय होतंय ह्याला?"
डावीकडचा स्पीकर वाजत नाही.
"कधीपासनं?"
मला सांगता येईना.
आठवतंय तेव्हापासून तो मुकाच,
त्याच्यावर फुलदाणी, फुलदाणीत प्लॅस्टिकची शेवंती.

त्यांनी शंभरचा बल्ब सिरीजला लावला.
बल्ब भपकन पेटला, मग मंद होत गेला.
"शॉर्ट नाही. बरं लक्षण."
मीटरच्या दोन काड्या घेऊन
एकेका पायाला शिवत बसले,
चहा आला, त्यावर साय धरली, तरी शिवतच होते.

मग हसले.
"ताई, ह्याला काय बी झालेलं नाही ओ.
बॅलन्सचं बटण शेवटपर्यंत उजवीकडं नेलंय,
आणि ते तिथंच धरलंय.
पंचवीस वर्षं तरी कुणी हात लावला नसंल."
आतली पट्टी दाखवली मला,
एका टोकाला बारीक खाच,
बाकी सगळी काळीठिक्कर.
"विट्यास्नं आलाय म्हणता.
घरात माग चालवणारं कुणी?"

अप्पा.
चार मागांच्या मध्ये एकतीस वर्षं,
मोटर डाव्या अंगाला.
डावीकडून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत.
आई म्हणायची, माणूस तिरसट आहे.
आम्हीही तेच म्हणत मोठे झालो.

स्पिरिट, कापसाच्या काड्या,
बटण शंभर वेळा इकडून तिकडे.
आधी खरखर, मग नुसती खसखस, मग काहीच नाही.
एकशेवीस रुपये.
मी दीडशे पुढे केले, तीस त्यांनी परत दिले,
वर म्हणाले, फुलदाणी काढा तेवढी, पाणी सांडतंय.
त्यात पाणी नसतं, हे मी सांगितलं नाही.

संध्याकाळी लावला.
लहानपणापासून पाठ असलेली कॅसेट,
आणि मुक्या स्पीकरमधून तबला आला.
इतकी वर्षं त्या गाण्यात तबला होता!
बाई एकटी गात नव्हती,
तिच्या डाव्या हाताला कुणीतरी बसलेलं होतं.

अप्पा आतून आले, जरा वेळ उभे राहिले.
"गलका वाटतोय गं. आधीचं बरं होतं."
मी काही बोलले नाही,
बटण हळूच उजवीकडे नेलं.
ते खुर्चीत टेकले, मान किंचित तिरकी.

कडवं संपतं, बाई श्वासाला थांबते,
तिथे उजवीकडे काहीच नाही,
नुसती टेपची सळसळ.
तिथे अप्पांची बोटं खुर्चीच्या हातावर
तीनदा वाजली, नेमकी,
आणि बाई परत समेवर आली.

ही टकटक मी लहानपणापासून ऐकलीय.
मला वाटायचं, ती त्यांची खोड आहे.